गरजेपुरते सुभेदार

प्रत्येक कागद जळताना वेगळा वास देतो, हे मला वर्तकनगरला राहायला आल्यावर कळलं. वर्तमानपत्राचा वास कोरडा आणि घशात अडकणारा. लग्नपत्रिकेचा किंचित गोडसर, बहुधा सोनेरी शाईमुळे. कुरिअरच्या चिकट लेबलाचा मात्र रबरासारखा, नाकात टोचणारा. सामान लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी सात वाजता, हे तिन्ही वास एकदम खिडकीतून आत आले आणि इमारतीला आग लागली असं समजून मी अनवाणी गच्चीवर धावले. तिथे पांढरी बंडी आणि कडक इस्त्रीची हाफपँट घातलेले एक ताठ गृहस्थ मातीच्या कुंडीपुढे बसून चिमट्याने राख उलटीपालटी करत होते.

"काय जाळताय?" मी धापा टाकत विचारलं.

"नाव, पत्ता, फोन नंबर," ते म्हणाले. "कचऱ्यात टाकलं की जगाचं होतं."

मग त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं आणि तितक्याच शांतपणे विचारलं, "काल तुमच्या सामानाच्या खोक्यांवर नाव होतं. ती खोकी कुठायत?"

हे आमचे सुभेदार. फौजेतून निवृत्त, विधुर, माझ्या बरोबर खालच्या घरात राहणारे. त्यांचं आडनाव मी लिहिणार नाही. हा मजकूर मी त्यांना वाचायला दिला होता. त्यांनी लाल पेन्सिलीने आडनाव खोडलं, मजला खोडला, इमारतीचा रंगसुद्धा खोडला. 'सुभेदार' तेवढं राहू दिलं, कारण महाराष्ट्रात सुभेदार पुष्कळ आहेत.

त्यांच्या दारावर पितळेची सुंदर पाटी आहे. दर शनिवारी ते ती चिंच लावून लखलखीत घासतात. पाटीवर काहीही कोरलेलं नाही. "फौजेत काय करत होतात?" असं मी एकदा सहज विचारलं. "नोकरी," ते म्हणाले. "कुठे कुठे होतात?" "सरकार पाठवील तिथं." गाव कोणतं म्हणून विचारलं तर "साताऱ्याकडं" असं उत्तर मिळालं, आणि सातारा जिल्हा केवढा मोठा आहे हे सांगून झाल्यावर विषय संपला. या सगळ्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, ते उजव्या हाताची चिमूट हवेत धरून, जणू मीठ घालत असल्यासारखं म्हणत: "माहिती गरज असेल त्यालाच, मॅडम. आणि गरज असेल तेवढीच."

असा माणूस इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात का आला, हे कोडं मला सुटत नव्हतं. काही दिवसांनी कळलं की ते बोलायला आले नव्हते, पहारा द्यायला आले होते. नेनेकाकूंनी हौसेने लिहिलं, "आम्ही उद्यापासून आठ दिवस महाबळेश्वर!" खाली सुभेदारांचं उत्तर: "घर आठ दिवस रिकामे. आभारी आहोत. आपले नम्र, चोर." नवरात्रात आम्ही बायका टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो, तिथला फोटो कुणीतरी टाकला. त्यावर त्यांचा हिशेब: "एका फोटोत चौदा घरे कुलूपबंद. पोस्ट काढा." देवीसमोर हात जोडलेल्या चौदा बायकांना एकदम आपापल्या कड्या-कोयंड्यांची आठवण झाली.

आमचा सेक्रेटरी मिलिंद घोडबंदर रोडवर नोकरीला. एका संध्याकाळी त्याने लिहिलं, "जाम अडकलोय, पाणीपुरवठ्याची मिटिंग उद्या घेऊ." सोबत नकाशावरचं ठिकाण. सुभेदारांनी बजावलं, "हालचालीचे ठिकाण देऊ नये." मिलिंदने वैतागून लिहिलं, "अहो साहेब, हालचाल असती तर मी घरी नसतो का आलो? आणि शत्रूला मला पकडायचं असेल तर त्याला पण याच ट्रॅफिकमधून यायचंय ना!"

सगळे हसले. मीही हसले. पण मग माझा गोंधळ उडू लागला, कारण सुभेदार चुकत आहेत असं मला ठामपणे म्हणता येईना. एकदा जिन्यात त्यांना गाठून मी विचारलं, "आमच्या पाण्याच्या टँकरची वेळ गटावरून कळून कुणाचं काय बिघडणार आहे?"

"एकट्या माहितीनं काही बिघडत नाही," ते म्हणाले. "ती गरीब असते. पण ती दुसऱ्या माहितीला भेटते, दोघी तिसरीला शोधतात. मग बघा." आणि पहिल्यांदाच ते थोडं सविस्तर बोलले. फौजेत नियमच आहे: तुकडी कोणती, ठिकाण कुठलं, कोण कधी निघालं, रजा कधीपासून, यातलं काहीही समाजमाध्यमांवर घालायचं नाही. जवानाने नाही, आणि घरच्यांनीही नाही. "चिरंजीवाच्या लग्नाचा फोटोसुद्धा वर्दीतला कुठं टाकला नाही आम्ही. सूनबाई रुसली होती."

म्हणजे त्यांना मुलगा होता. तोही फौजेत होता. आणि ही माहिती मला शेजारी म्हणून राहिल्यावर तिसऱ्या वर्षी मिळाली.

त्यानंतर रविवारचा अर्थ मला लागला. दर रविवारी दुपारी चारला खालच्या गॅलरीतून त्यांचा आवाज येई. एरवी कवायतीच्या मैदानाला पुरेल असा, तेव्हा मात्र दुधावरच्या सायीसारखा मऊ. प्रश्न नेहमीचे चार. "जेवलास का? झोप होती का? पायाचं कसंय? सूनबाईला फोन केलास का?" मधल्या प्रत्येक थांब्यात एक "बरं." मुलगा कुठे आहे हे ते विचारत नसत, आणि तोही सांगत नसे. दोन माणसं एकमेकांपासून इतकं लपवून एकमेकांशी इतकं बोलू शकतात, याचं मला नवल वाटे. फोन ठेवल्यावर गॅलरीतली खुर्ची बराच वेळ सरकत नसे.

आता माझा अपराध सांगते.

एका गुरुवारी दुपारी खालून भाजणी भाजल्याचा वास आला. आधी ज्वारी, मग चण्याची डाळ, मग उडीद, आणि शेवटी धने-जिऱ्याचा तो खमंग झोत, ज्याने पोटापेक्षा आठवण आधी जागी होते. सुभेदार एकटे, दोन वेळचा डबा त्यांना बाहेरून येतो. भाजणी कुणासाठी? दुसऱ्या दिवशी गच्चीवर एक जादा गादी उन्हात दिसली. तिसऱ्या दिवशी दूध टाकणारा माझ्या दाराशी सहज म्हणाला, "नीचेवाले साहब ने मंगल से एक लीटर ज्यादा बोला है."

तीन गरीब माहित्या माझ्या मनात एकमेकींना भेटल्या. मी आयुष्यभर कॉलेजात कविता शिकवली. दोन ओळींमधलं न लिहिलेलं वाचायची खोड अंगात मुरलेली. मला इतका आनंद झाला की मी विचार न करता गटावर लिहिलं: "मंगळवारी सुभेदारांचे चिरंजीव सुटीवर घरी येत आहेत. आपल्या इमारतीच्या वीराचं स्वागत करू या!"

पाच मिनिटांत लाल बदामांचा पाऊस पडला. मिलिंदने ढोलपथकाची चौकशी केली. नेनेकाकूंनी जुन्या गणपतीतला त्या मुलाचा फोटो शोधून काढला, आणि सोमवारी सकाळी फाटकावर भलामोठा फ्लेक्स फडफडू लागला: हसरा चेहरा, नाव, हुद्दा आणि खाली ठसठशीत 'मंगळवारी आगमन'.

सुभेदारांचा मोबाइल दुरुस्तीला गेला होता. त्यांनी हे सगळं थेट फाटकावरच पाहिलं. ते ओरडले नाहीत. वॉचमनचं स्टूल मागून घेतलं, त्यावर चढले, दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्सची ध्वजासारखी चौकोनी घडी घातली. मग एकेका घराची बेल वाजवत गेले. बावीस घरं. "मॅडम, मोबाइल दाखवा. ही पोस्ट. हा फोटो. पुढं कुणाला पाठवलात? त्यालाही काढायला सांगा." नेनेकाकूंनी तो नागपूरच्या बहिणीला, बहिणीने भिशीच्या गटाला पाठवला होता. नेनेकाकू रडकुंडीला आल्या. "अहो, कौतुकच केलं ना हो आम्ही? त्यात काय चुकलं आमचं?"

"कौतुकाला तारीख कशाला लागते, काकू?" एवढंच ते म्हणाले.

माझ्या दाराशी ते सर्वांत शेवटी आले. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी तो घेतलाच नाही. "तुम्हाला कसं कळलं?"

"वासावरून," मी म्हटलं. "भाजणीच्या."

त्यांचा चेहरा असा झाला की तो राग होता की दुसरं काही, ते मला समजलं नाही. ते जिना उतरून गेले.

मंगळवारी कुणी आलं नाही. रविवारी चारला मी माझ्या गॅलरीत अपराध्यासारखी उभी होते. "बरं," खालून आवाज आला. "बरं. पुढं गेली तर पुढं गेली. नंतर बघू. जेवलास का?" त्या दिवशी बाकीचे तीन प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे क्षमा मागायला गेले. त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. भिंतींवर एकही फोटो नाही, पदक नाही, कॅलेंडरवर एकही खूण नाही. फक्त आतल्या खोलीचं बाहेरच्या बाजूला उघडणारं दार अर्धवट उघडं होतं, आणि त्याच्या मागच्या बाजूला, उभ्या दारावर मावेल इतका कापून लावलेला, फ्लेक्सवरचा तो हसरा चेहरा. नाव, हुद्दा, वार कातरून टाकलेले.

माझी नजर तिथे गेलेली त्यांना दिसली. "बाहेरून दिसत नाही," ते घाईघाईने म्हणाले.

"रजा माझ्यामुळे रद्द झाली का?"

"नाही."

"नक्की?"

"तसं असतं तर मी सांगितलं नसतं. आणि तसं नसतं, तरी सांगितलं नसतं."

"पण आत्ता तुम्ही 'नाही' म्हणालात."

"ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

मी पुरती गोंधळले. क्षमा झाली की नाही, अपराध होता की नाही, काहीच ठरेना. त्यांनी चहा ठेवला. आलं किसताना, माझ्याकडे पाठ करून, ते बोलू लागले.

"आमची ही वासावरून ओळखायची. मी रजेवर आलो की आधी ट्रंक उघडायची. कपडे नाकाशी धरायची अन् म्हणायची, 'यंदा वाळू.' कधी म्हणायची, 'देवदार. थंडीत होता तुम्ही.' एकदा नुसतंच म्हणाली, 'समुद्र, पण आपला नव्हे.' मी कधी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. तेवीस वर्षं." चहा उतू जायला आला, त्यांनी गॅस बारीक केला. "शेवटी दवाखान्यात होती. मला म्हणाली, 'आता कुणाला सांगणारे मी? पोरगा झाला त्या वर्षी तुम्ही कुठं होता, तेवढं सांगा.' मी निवृत्त झालो होतो, मॅडम. ती जागासुद्धा आता तशी राहिलेली नाही. पण तोंडातून सवयीनं आलं, 'ठाऊक नाही.'"

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "तिला गरज होती," ते म्हणाले. चिमूट हवेत धरली नव्हती.

पुढचे दीड-दोन महिने खालून कसलाही वास आला नाही. भाजणी नाही, गादी उन्हात नाही, दूध नेहमीचंच. दर रविवारी चार प्रश्न, चार वेळा "बरं." गच्चीवरची कुंडी मात्र रोज धुपत होती. मी गटावर शुभ सकाळसुद्धा लिहिणं सोडलं होतं. नाकाला सवय लागली होती चाहूल घ्यायची, आणि चाहूल मुळीच नव्हती. जिना चढता-उतरताना त्या कोऱ्या पाटीकडे बघून मला वाटायचं, आता यांच्याकडून आपल्याला कधीही काही कळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात सुभेदार. दाढी नुकतीच केलेली, तुरटीचा गार वास. अंगावर इस्त्रीचा सदरा. आणि हातात, वर्तमानपत्रात बांधून दोरीने आवळलेली, दुकानातून आणलेली भाजणीची पुडी.

"यात धने जरा जास्त घालायचे असतात का?" त्यांनी विचारलं. "हिच्या हातची तशी लागायची. मला जमत नाही. मागच्या वेळी करपली."

"ठेवून जा, मी बघते," मी म्हटलं. काही विचारलं नाही. कशासाठी, कुणासाठी, किती दिवसांत.

ते जायला वळले. दोन पायऱ्या उतरले. थांबले. जिन्याच्या वरच्या बाजूला पाहिलं, खालच्या बाजूला पाहिलं, माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मी आत गेले, मोबाइल तांदळाच्या डब्यात खुपसला, झाकण लावलं आणि रिकाम्या हातांनी पुन्हा दारात येऊन उभी राहिले.

सुभेदार त्या दोन पायऱ्या परत चढून आले. मान माझ्या कानाजवळ झुकवली, आणि रविवारी चारला असतो तशा मऊ आवाजात म्हणाले,

"गुरुवारी."