गव्हाणवाडीत कुणी बसत नाही

उंबरदरा विधानसभा मतदारसंघाचा इतिहास आपल्याइतका कुणालाच ठाऊक नाही, असं वसंतराव गुरुजी स्वतःच सगळ्यांना सांगत, त्यामुळे ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोण कधी पडला, त्याला कुणी पाडलं आणि पडल्यावर तो कुणाच्या गाडीतून तोंड लपवून घरी गेला, हे सगळं ते निलंग्याच्या बसस्टँडवर ऐकवत. ऐकणाऱ्याची बस निघून जाई, पण मतदारसंघ काही संपत नसे.

या इतिहासात त्यांच्या स्वतःच्या गव्हाणवाडीची मात्र एकच गोष्ट होती आणि ती सांगताना गुरुजींचा आवाज खाली यायचा. गुरुजी तरुण असताना गावचा संगप्पा अपक्ष उभा राहिला होता. गावानं जिवाचं रान केलं. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी संगप्पा बसला. खुर्चीवर नव्हे, उभा राहिलेला उमेदवार बसतो तसा बसला. विरोधकाच्या स्टेजवर जाऊन हार घालून आला. तेव्हापासून पंचक्रोशीत कुठल्याही लग्नात गव्हाणवाडीचा माणूस दिसला की यजमान हसून म्हणत, "बसा, बसा. तुम्हाला सवय हाय."

गावानं हे इतकं मनाला लावून घेतलं की तो शब्दच टाकून दिला. पाहुणा आला की त्याला म्हणायचं, "टेका." कोंबडी अंड्यांवर टेकायची, पोरं शाळेत टेकायची. बाकीच्या मुलखात गणपती बसतो. गव्हाणवाडीत तोही टेकायचा.

आणि यंदा सिद्धलिंग उभा राहिला. गुरुजींचा लाडका विद्यार्थी, शेतकरी गडी, तोंडाचा गोड आणि खाण्याचाही. त्याच्या प्रचाराची सूत्रं अर्थातच गुरुजींकडे. "गावाच्या कपाळावरचा डाग मी पुसणार," त्यांनी बायकोला, सौदामिनीबाईंना, सांगून टाकलं. 'सिद्धलिंग उभाच' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. हा हा म्हणता त्यात अर्धा मतदारसंघ आला. वारं फिरलं होतं, हे विरोधकसुद्धा कबूल करत होते.

मतदानाच्या दिवशी सकाळी गुरुजींनी निलंग्यातल्या आपल्या घरून सिद्धलिंगला फोन लावला. फोन त्याच्या बायकोनं, शिवगंगानं उचलला. ती देगलूरकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली.

"कुठं आहे आपला उमेदवार?"

"गुरुजी, ते बसलेत."

गुरुजींच्या हातातला चहा बशीत सांडला. "काय म्हणालीस?"

"बसलेत. पहाटंपासून बसून राहिलेत. उठायचं नाव न्हाई."

"कुणी बसवलं?"

"कुणी म्हंजे, काल बजरंगशेठच्या नातवाचं जावळ होतं न्हवं? तिथं घेतलं की ह्यांनी."

बजरंगशेठ म्हणजे विरोधी उमेदवाराचा उजवा हात. गुरुजी ओरडले, "घेतलं? तुझ्यादेखत?"

"हाव. मी नको नको म्हणून राहिले, तरी दोनदा घेतलं. शेठनं आग्रहच लई केला. मला तर सांगायलाबी लाज वाटून राहिली, गुरुजी. कुणाला बोलू नका."

गुरुजींनी फोन ठेवला. सौदामिनीबाई म्हणाल्या, "अहो, कुठं बसलाय ते तरी विचारा."

"गव्हाणवाडीत या शब्दाला एकच अर्थ आहे," गुरुजी म्हणाले. "तुला राजकारण कळत नाही."

आणि त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'बंधूंनो, सिद्धलिंग बसला. संगप्पानंतर दुसऱ्यांदा गावाचा घात झाला. स्वाभिमानी मतदारानं त्याला एकही मत देऊ नये. आपला, वसंतराव गुरुजी.'

गुरुजींनी चपला घालेपर्यंत ही खबर मतदारसंघाच्या पार टोकाला पोचली होती.

मत अजून गावातच असल्यानं ते बसनं तिथं उतरले तेव्हा शाळेतल्या मतदान केंद्रातून लोक माना खाली घालून बाहेर पडत होते. गुरुजींनी ताठ मानेनं आत जाऊन 'नोटा'चं बटण दाबलं. मशीन लांबलचक वाजलं. आपण इतिहासाशी प्रामाणिक राहिलो, असं त्यांना वाटलं. हे समाधान शाळेच्या फाटकापर्यंत टिकलं.

फाटकाला धरून सिद्धलिंग उभा होता. चेहरा पिठासारखा पांढरा, हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली.

"आलात, गुरुजी? मला तर उभं ऱ्हावंना."

"बजरंगकडून घेताना लाज नाही वाटली?"

"वाटली की. पण बासुंदी दिसली की माझं डोकंच चालत न्हाई, गुरुजी. वाटीवर वाटी घेतली. पहाटंपासून संडासात टेकून ऱ्हायलो. पण लोकं माझ्याकडं असं काय बघून राहिलेत?"

गुरुजींना वाटलं, शाळेची भिंत अंगावर पडावी. सिद्धलिंगचा फोन घरी राहिला होता, हे एक बरं झालं. त्यांनी घाईघाईनं कडुनिंबाच्या आडोशाला जाऊन ग्रुपवर दुरुस्ती टाकली: 'सिद्धलिंग बसलेला नाही. तो बसला होता, पण तसा नव्हे. आता तो उठला आहे.'

लगेच उत्तर आलं: 'उठायचं कुणाकडून घेतलं?'

त्यावर लोकांनी हसून लोळणारे इतके चेहरे टाकले की गुरुजींनी फोन बंदच करून टाकला.

सिद्धलिंग पडला. थोडक्यात पडला. नुसत्या गव्हाणवाडीनं मतं दिली असती तरी तो आमदार झाला असता, हे हिशेबात पक्के असलेल्या गुरुजींना कुणी सांगायची गरज नव्हती. खरं काय ते मात्र तोवर गावभर झालं होतं. गुरुजी बसस्टँडवर जाईनासे झाले. कुणी निवडणुकीचं नाव काढलं की ते पिशवी उचलून भाजी आणायला जात, घरात भाजी असली तरी.

शेवटी सौदामिनीबाईंनी त्यांना ढकललंच. गुरुजी गव्हाणवाडीला गेले. सिद्धलिंगच्या अंगणात गावातली दहापाच माणसं होती. गुरुजींना बघून शिवगंगा आत निघून गेली.

"चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. 

 सिद्धलिंग हळूच म्हणाला, "जाऊ द्या, गुरुजी. गाव फिरलं त्याचं काय न्हाई. खरं कळल्यावर तुमी तरी मला मत दिलं न्हवं?"

खोटं बोलायला एवढी सोपी जागा गुरुजींना जन्मात मिळाली नव्हती. पण समोर सिद्धलिंग होता, शाळेत पहिल्या बाकावरून बघायचा तसाच बघत.

"नोटा," गुरुजी म्हणाले.

कुणी खोकलं. सिद्धलिंगनं खुर्ची पुढे सरकवली. त्या गावात संगप्पानंतर कुणीही कुणालाही न म्हटलेला शब्द तो अगदी सहज, न रागावता म्हणाला.

"बसा, गुरुजी."

 ते बसले.

आणि कुंपणापलीकडून कुणीतरी तेवढ्यात ओरडून खबर पुढं पाठवली, "ए, गुरुजी बसले रे!"