किरणसंयमकाची नेमणूक

रुग्णालयातल्या क्ष-किरण यंत्राचा कोलिमेटर बिघडला, एवढीच मूळ घटना. कोलिमेटर म्हणजे किरण जिथून निघतात त्या नळीच्या तोंडाशी बसवलेली लहानशी पेटी. तिच्यातली शिशाची झडपं किरणांना आवर घालतात. म्हणून गुडघ्याचा फोटो काढताना किरण गुडघ्यावरच पडतात, पोटावर नाही. ही झडपं उघडीच अडकून बसली. विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच सकाळी यंत्र बंद केलं आणि नवा कोलिमेटर मागवला. बाई सरळमार्गी होत्या. हवी ती वस्तू तिच्या नावानं मागितली की मिळते, असा त्यांचा समज होता.

मुख्य कार्यालयानं मागणी परत पाठवली. वस्तू परकी चालेल, शब्द परका चालणार नाही, असा नियम होता. परिभाषा समिती बसली. मूळ शब्दाचा उगम शोधता शोधता असं निघालं, की तो जुन्या काळच्या कुणा नकलनविसाच्या हस्तदोषातून जन्मला आहे. शब्द आपल्याच खात्यातला निघाल्यासारखा समितीला आनंद झाला. एक गट 'किरणसीमाबंधक' म्हणत होता, दुसरा 'किरणसंयमक'. पहिला उच्चारताना अध्यक्षांची कवळी सुटली, म्हणून दुसरा मंजूर झाला.

बाईंनी नव्या शब्दात जुनीच मागणी केली: विभागात किरणसंयमक नाही, त्याअभावी काम ठप्प आहे, तरी तातडीनं मिळावा. हे वाक्य नेमणुका पाहणाऱ्या साहेबांपुढे गेलं. साहेबांचं व्याकरण पक्कं होतं. शिक्षक शिकवतो, लेखक लिहितो. तेव्हा संयमक हा संयम राखणारा इसम असणार, हे त्यांनी ताडलं. पद निर्माण झालं, जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि एका सोमवारी भांग नीट पाडलेले एक मध्यमवयीन गृहस्थ हजर झाले. आधी ते एका लाकडाच्या वखारीत पहारेकरी होते.

"मॅडम, मी नेमकं करायचं काय?"

"किरणांना आवरायचं," बाई थकून म्हणाल्या.

"दिसतात का ते?"

"नाही."

"मग आवरले की नाही ते कोण बघणार?"

"कुणीच नाही."

"मग जमेल," असं म्हणून त्यांनी खुर्ची यंत्रासमोर ओढून घेतली.

बाई तडक मुख्य कार्यालयात गेल्या. साहेबांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावलं, की संयमक मिळालेला असताना पुन्हा संयमक मागणं ही दुबार मागणी होते. शब्दाचा अर्थ बदलून हवा असेल तर समितीकडे जावं. समिती मात्र काम फत्ते झाल्यामुळे बरखास्त झाली होती.

इकडे रुग्ण येतच होते. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या एका म्हातारीला तिच्या मुलानं उचलून आणलं. खुब्याचं हाड गेल्याचं उघड्या डोळ्यांना दिसत होतं. मुलानं संयमकांना हात जोडले आणि म्हणाला, आईचं वय झालंय साहेब, जरा बेतानं सोडा. माझं लक्ष आहे, असा संयमकांनी धीर दिला. त्यांच्या मनात कपट असं नव्हतंच. बाईंनी मात्र फोटो काढायला नकार दिला. म्हातारीला टेम्पोत निजवून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात न्यावं लागलं. पहिल्याच खड्ड्याला तिनं फोडलेली किंकाळी बाईंना आत ऐकू आली. रांगेतल्या लोकांनाही ती ऐकू आली आणि त्यांनी बाईंना शिव्या घातल्या. नेमलेला माणूस समोर बसलेला असताना ही बाई अडून बसते म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं होतं.

तक्रार गेली तशी तपासणी आली. तपासनिसांनी संयमकांना उभं केलं, वळवून पाहिलं, दोन्ही हात वर-खाली करायला लावले आणि यंत्रांसाठीच्या ठरावीक नमुन्यात शेरा दिला: किरणसंयमक सुस्थितीत. हालचाल सुरळीत. आवाज करत नाही. वर्षातून एकदा तेलपाणी करावे. सबब यंत्र तात्काळ चालू करावे.

"झडपं बसल्याशिवाय मी बटण दाबणार नाही," बाई म्हणाल्या.

त्यांच्यावर असंयमाचा ठपका ठेवून त्यांची बदली करण्यात आली. बटण दाबायला दुसरं बोट मिळालं. निघताना बाईंनी संयमकांची खुर्ची यंत्रासमोरून उचलून शिशाच्या भिंतीआड नेऊन ठेवली.

"इथूनही आवरता येतात," त्या म्हणाल्या. संयमक खुर्चीमागोमाग गेले आणि भिंतीआड जाऊन बसले.

नव्या जागी बाईंचं पद होतं 'प्रकाशरोधक'. हुद्दा भारदस्त वाटला, म्हणून घरच्यांनी अभिनंदनही केलं. तिथं पोहोचल्यावर कळलं, की फोटो धुण्याच्या अंधारखोलीचं दार नीट लागत नव्हतं आणि तिथल्या लोकांनी एक जाड पडदा मागवला होता. खोलीतल्या तंत्रज्ञानं बाईंच्या अंगावरचा पांढरा कोट खालपासून वरपर्यंत न्याहाळला आणि खेदानं मान हलवली.

"मॅडम, आम्ही काळा मागवला होता."

यावर हसण्यापूर्वी ज्यानं त्यानं आपल्या हुद्द्याचं शेवटचं अक्षर तपासलेलं बरं. लेखापरीक्षक, व्यवस्थापक, संचालक. मुळात कुठे काय मागवलं होतं, कोण जाणे. आणि ज्यांना कसलाच हुद्दा नाही त्यांनीही निर्धास्त राहू नये. हे वाचणाऱ्याला वाचक म्हणतात. कुणीतरी चष्मा मागवला असेल.