नांदेडपर्यंत हलू नका

हिंगोलीच्या याकूबभाईंकडून फोटो काढून घ्यायचा, तर तुम्ही शाळा, चावडी, वेस, मशीद, देऊळ किंवा गेलाबाजार एखादी बांधीव विहीर असायला हवं होतं. माणसांचे फोटो ते काढत नसत. नवं लग्न झालेलं एखादं जोडपं लाजत लाजत दुकानाची पायरी चढे. याकूबभाई डोळ्याला लावलेलं घड्याळजीचं भिंग न काढताच विचारत, "घर हाय का सोताचं? दगडाचं का मातीचं?" दगडाचं निघालं तर ते जाऊन घराचा फोटो काढून देत. जोडपं तेवढा वेळ घरात बसून राही.

दुकान खरं घड्याळदुरुस्तीचं. त्यावर पोट चाले. कॅमेरा म्हणजे वडिलोपार्जित खूळ. हिंगोलीतली छावणी उठली तेव्हा कुणा गोऱ्या साहेबानं जाताना आपल्या खानसाम्याला तो देऊन टाकला. तो खानसामा म्हणजे याकूबभाईंचे वडील. भलीमोठी लाकडी पेटी, पुढे भाता, खाली तीन पाय, मागे डोकं खुपसायला काळं फडकं. बटणबिटण काही नाही. आत काच सरकवायची, भिंगावरची टोपी काढायची, मोजायचं आणि टोपी परत लावायची. त्या काचेवर फोटो उमटे.

आता मोजायचं कसं? दुकानात डझनभर घड्याळं टिकटिकत असताना हा गृहस्थ घड्याळाकडे ढुंकून पाहत नसे. तो गावं मोजी. टोपी काढली की संथ आवाजात सुरू होई, "हिंगोली... कळमनुरी... बाळापूर... वारंगा..." हा नांदेडचा रस्ता. ऊन कडक असलं तर कळमनुरीलाच टोपी लागे. ढग असले तर वारंगा गाठावा लागे. देवळाचा गाभारा असला तर थेट नांदेड. एकदा मी विचारलं, "याकूबभाई, एक-दोन-तीन का मोजत नाही?"

"आकडे घाईनं निघतेत तोंडातून," ते म्हणाले. "गाव घाईनं येत न्हाई."

मी शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या दुकानासमोर राहत होतो. यापलीकडे माझा काही गुन्हा नव्हता. पण इमारत केवढी आहे हे कळायला शेजारी माणूस उभा हवा, असं त्यांचं शास्त्र होतं आणि त्या कामासाठी त्यांनी मला धरलं. "मास्तर, तुमी ना उंच ना बुटके. मापाला बराबर हैत." तेव्हापासून जिल्ह्यात जिथं म्हणून भिंत होती तिथं मी जाऊन उभा राहिलो. जिनिंगच्या कारखान्याशेजारी मी, स्टेशनशेजारी मी, औंढ्याच्या देवळाशेजारी मी. फोटोत मी तांदळाच्या दाण्याएवढा. सौभाग्यवतींनी एकदा एक फोटो डोळ्यांशी नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "हे तुम्ही होय! मला वाटलं, बैल बांधायचा खुंटा."

बरं, खुंट्याला निदान हलण्याची भीती नसते. जिनिंगच्या भिंतीशी उभा असताना मला गांधीलमाशी चावली आणि मी उडी मारली. काच फुकट गेली. आठ दिवस याकूबभाई माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "चावली तं चावली. कळमनुरी तरी यऊ द्यायची व्हती!"

जवळा बाजारला मात्र त्यांनी कहर केला. आठवडी बाजाराचा फोटो घ्यायचं मनात आलं. ओट्यावर चढून त्यांनी दोन्ही हात वर केले. "ओ भाईलोग! ओ मायबाईहो! म्या नांदेड म्हनेपर्यंत कुनी हलू नका!" भर बाजार हो. कोण थांबतं? कुणी मिरच्यांचा भाव करून राहिला, कुणाचं कोकरू सुटलेलं. फोटो आला तेव्हा हललेली सगळी माणसं धुक्यासारखी पुसून गेली होती. ओटे, छपरं, लटकलेला तराजू सगळं स्वच्छ, आणि मधोमध एक गाढव. रेखीव, अगदी कानाच्या केसांसकट. याकूबभाईंना तो फोटो फार प्रिय. "बघा मास्तर, येवढ्या बाजारात शिस्तीचं येकच निघालं."

मी त्यांना खूप छळायचो. म्हणायचो, भिंतींचे फोटो बघायला उद्या येणार कोण? भिंत काय पळून जाणार आहे?

"म्हनून तं," ते म्हणत. "मानसाचं काय, आज हितं, उद्या तिथं. त्याचा फोटो ठेवून तकलीफच."

हे ऐकून मला वाटायचं, स्वारी जरा कोरडीच आहे. लग्न केलेलं नाही, मित्र म्हणावा तर मी एकटा, तोही मापापुरता. पण दर शुक्रवारी नमाज झाली की हा कोरडा माणूस दुकानाला कुलूप घालून मोटारीनं आखाडा बाळापूरला जायचा. तिथं त्यांची थोरली बहीण दिली होती. तिला सगळे आपा म्हणत. आई गेली तेव्हा याकूबभाई रांगत होते. आपानंच त्यांना कडेवर वाढवलं. पन्नाशीच्या याकूबभाईंना ती अजून ताटातलं टाकू देत नसे. परत येत ते तिच्या हातचा डबा घेऊन आणि दुसरा दिवसभर खुशीत असत.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत आमच्याकडे सगळीच माणसं हळू आवाजात बोलायला लागली होती. ज्यांच्याशी आयुष्यभर ओरडून बोललो, त्यांच्याशीसुद्धा. आपांचा मुलगा आधीच कराचीला गेला होता. त्याची पत्रावर पत्रं येत होती, की अम्मी-अब्बा, इकडे या. आपांचे यजमान कापडाचे व्यापारी, मनानं भित्रे. त्यांनी जायचं ठरवलं. हिंगोलीहून गाडीनं मुंबई, तिथून बोट.

आपांनी भावाला निरोप धाडला, येताना पेटी घेऊन ये, माझ्या घराचा फोटो पाहिजे.

महायुद्धापासून काचा मिळेनाशा झाल्या होत्या. याकूबभाईंकडे एकच शिल्लक होती. वर्षभर ती त्यांनी कुठल्याशा बारवेसाठी राखून ठेवली होती. ती रुमालात गुंडाळून ते माझ्या दारात आले. "चला मास्तर. मापाला."

बाळापूरचं ते घर साधंच. पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढे दगडी ओटा, दाराला निळा पडदा. आपा गोषातल्या, त्यामुळे इतक्या वर्षांत मी त्यांचा फक्त आवाज ओळखत होतो. पडद्याआडून तो आला, "मास्तर, पहिले चहा घ्या. फोटो कुठं पळून न्हाई चालला."

चहा झाला. याकूबभाईंनी पेटी उभी केली. तेवढ्यात पडद्याआडून फर्मान सुटलं, "फोटोत मीबी पायजे."

"मंग बाहेर ये."

"बाहेर काहून? तिथं चार लोकाला दाखवनार मी त्यो. हितंच पडद्याच्या मागं हुबी ऱ्हाते. घराचा फोटो हाय, मी घरात हाय. झालं की!"

मी हसू दाबलं. दिसणारच नसेल तर फोटोत असून उपयोग काय, असं याकूबभाई विचारतील म्हणून मी वाट पाहिली. आयुष्यभर कुणाचं ऐकून न घेतलेला माणूस म्हणाला, "बराबर."

मग पेटीचे पाय नीट करत म्हणाला, "पन हलू नको. तू हललीस तं पडदा हलंल. पडदा हलला तं काच गेली. दुसरी न्हाई."

"तू मोज. मी हलत न्हाई."

मी सवयीनं ओट्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. याकूबभाईंनी काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं. "तुमी बाजूला व्हा, मास्तर."

"आणि माप?"

"आज नगं."

ऊन चांगलं होतं. "वारंग्यापस्तोर बास," असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी टोपी काढली.

"हिंगोली... कळमनुरी... बाळापूर... वारंगा..."

टोपी हातातच राहिली.

"नांदेड..."

मला वाटलं, चुकले. मी हात वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते पडद्याकडे पाहत होते.

"पूर्णा... परभणी... मानवत... सेलू..." हा आता मोटारीचा रस्ता नव्हता. आगगाडीची स्टेशनं होती. मी हात खाली घेतला. "जालना... औरंगाबाद... मनमाड... नाशिक... कल्याण... मुंबई..."

पुढं त्यांना गाव सापडेना. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मोजणं संपेपर्यंत आपा हलणार नव्हत्या, एवढं मला उशिरा का होईना समजलं. एक कोंबडी ओट्यावर चढली, पिसं झाडून उतरली. याकूबभाईंनी तिला हाकलंसुद्धा नाही. ओट्यावरचं ऊन वीतभर सरकलं. पडद्याची कड इकडची तिकडे झाली नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

शेवटी आतून आवाज आला, अगदी हलका. "याकूब, मुंबईच्या पुढं पानी हाय रे. लाव टोपी."

त्यांनी टोपी लावली.

"बराबर आला का?"

एका गांधीलमाशीपायी आठ दिवस अबोला धरणारा हा माणूस. इतका वेळ उघडी राहिलेली काच जळून गेलेली असणार, हे त्यांनाच काय, मलाही कळत होतं. ते म्हणाले, "बराबर आला, आपा. तुझ्यावानी कुनी हुबं ऱ्हायलंच न्हाई आजपस्तोर."

दोन दिवसांनी आपा गेल्या. काच धुऊन काढली तेव्हा ती तव्यासारखी काळी निघाली. तीन-चार महिन्यांनी याकूबभाई अकोल्याहून काचांची नवी पेटी घेऊन आले. बाळापूरचं घर शेजाऱ्यानं घेतलं होतं. त्याच्या बायकोनं निळा पडदा धुऊन ट्रंकेत ठेवला होता. याकूबभाईंनी मागितला तेव्हा तिनं काही न विचारता तो पुन्हा दाराला लावला. वारंग्यालाच टोपी लागली. फोटो झकास आला आणि कराचीला रवाना झाला.

आपांचं उत्तर आलं ते याकूबभाईंनी मला दुकानात बसवून वाचून दाखवलं. उर्दूतलं पत्र ते मराठी करत होते. फोटो भिंतीवर लावलाय. येईल त्याला सांगते, या पडद्याच्या मागं मी उभी आहे. धाकटा नातू रोज स्टुलावर चढतो, पडद्यावर बोट ठेवतो आणि दादी म्हणून हाक मारतो.

त्यांनी पत्राची घडी घातली. मी म्हणालो, "याकूबभाई, कळवा की खरं. त्या पडद्यामागे कुणी नाही म्हणून."

"काहून? लेकरू हाक मारून ऱ्हायलं."

मग ते उठले आणि फळीवरून रुमालात गुंडाळलेली ती काळी काच काढली. दोन्ही हातांनी उजेडाकडे धरली. मीही शेजारी जाऊन पाहिलं. आरपार काळं. भिंत नाही, ओटा नाही, पडदा नाही.

"आपा हिच्यात हाय," याकूबभाई म्हणाले.