बघायला आलोय

आमच्या वरच्या खोलीतली शुभांगी एखाद्या पुरुषाला भेटायला जायची असली की आधी पोटभर जेवते. दोन भाकरी, भाजी, वर ताकभात. मग लिपस्टिक. मी एकदा म्हटलं, "अगं, हॉटेलातच जायचंय ना?" तर म्हणाली, "ताई, भुकेल्या पोटी बाजाराला गेलं की नको ते पिशवीत येतं. माणसाचंही तसंच असतं."

शुभांगी मूळची लातूरकडची. हिंजवडीत नोकरी, वय अडतीस, स्कूटर लाल. तिकडच्या इमारतींत जीव गुदमरतो म्हणून तिनं रिहे गावात आमच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. मी गावच्या शाळेत शिकवते, त्यामुळे दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसण्याची मला सवय आहे. शुभांगीनंही कधी काही लपवलं नाही. मोबाइलवर जुळवाजुळवीचं काहीतरी असतं, त्यातून तिला माणसं सापडत. भेटून आली की ती पायरीवर चपला काढता काढता निकाल द्यायची, "फाईल बंद." मग आम्ही दोघी चहा प्यायचो.

फायली पुष्कळ बंद झाल्या. एकजण मुळशी धरणावर गेला आणि सगळा वेळ स्वतःचेच फोटो काढत बसला. तिला फक्त मोबाइल धरायला लावला. दुसऱ्यानं आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. ती माउली शेवटपर्यंत तिथून टक लावून बघत होती. तिसरा फार गोड बोलला. हिचा आवडता रंग विचारला, लहानपणच्या आठवणी विचारल्या आणि शेवटी पिशवीतून एका रिसॉर्टच्या मेंबरशिपचा कागद काढला. "तरी ताई, रंग विचारला हो त्यानं," ती म्हणाली. मी हसले. ती हसली नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

माझ्या सासूबाईंना हे प्रकरण कळायचं नाही. "एवढी मानसं बगती, मंग एक बी कसा पसंत न्हाई?" त्या विचारायच्या. शुभांगी म्हणायची, "आजी, मला पसंत पडतात की. त्यांनाच मी जरा वेगळी हवी असते. कुणाला बारीक, कुणाला गप्प." सासूबाई तेवढ्यापुरत्या त्या सगळ्यांना शिव्या घालायच्या.

त्याच सुमारास सासूबाईंनी ओढ्यालगतचा तुकडा विकायला काढला होता. पडीक जागा, मधे दोन मोठे खडक, एक वाकडं जांभूळ. बघायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, खडक फोडून, झाड पाडून, जेसीबीनं सपाट करून द्या. सासूबाईंचा जीव व्हायचा नाही. एका रविवारी आणखी एकाचा फोन आला. सासूबाईंनी त्याला सांगितलं, "घोटावडे फाट्यावरच्या हाटेलात बसा. आमची पोरगी यील घ्यायला." पोरगी म्हणजे मी. मी पिरंगुटला बाजाराला गेले होते. तिथूनच परस्पर फाट्यावर जायचं ठरलं, आणि रविवारच्या गाड्यांत मी अशी अडकले की मुंगीनंही मला मागं टाकलं असतं.

त्याच वेळी फाट्यावरच्या त्याच हॉटेलात शुभांगीही एकाची वाट बघत बसली होती. फोटोतल्या माणसाला गॉगल आणि टोपी होती, आणि फोटोवरून माणूस ओळखता येत नाही हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं. चाळिशीचा एक सभ्य गृहस्थ समोर आला. म्हणाला, "तुम्ही रिह्याच्या का? मी बघायला आलोय."

आता 'बघायला आलोय' म्हटल्यावर बाई काय समजणार?

"बसा की," शुभांगी म्हणाली.

"आधी कुणी बघून गेलं का?"

"बरेच."

"मग अडलं कुठं?"

"ज्याचं त्याचं गणित असतं."

"खरंय. घरच्यांचं काय म्हणणं?"

"त्यांनी आता माझ्यावर सोडलंय."

"राग मानू नका, पण विचारून घेतलेलं बरं. कुणाचा जुना हक्कबिक्क, काही भानगड?"

शुभांगीनं पाण्याचा घोट घेतला. मग खरं ते बोलली, "एक होता. तो कॅनडाला गेला."

"लेखी काही नाही ना?"

"नाही."

"मग प्रश्नच मिटला."

मी पोचले तेव्हा दोघं मिसळ खात होते. शुभांगीच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमलं बाई एकदाचं. मी ओळख सांगितली तसा तो उठला. "तुम्ही ह्यांच्या घरच्या का? चला, जागा बघून घेऊ. आवडली तर पुढच्या रविवारी बायकोला घेऊन येतो."

शुभांगीनं चमचा खाली ठेवला. जागा दाखवायलाही आमच्याबरोबर आली, खडकावर चढून ओढा कुठून वळतो ते त्याला दाखवलं. तिचा खरा माणूस शेजारच्या हॉटेलात बसून वैतागून निघून गेला होता.

संध्याकाळी ती पायरीवर येऊन बसली. मी 'फाईल बंद' ऐकायच्या तयारीत होते. ती म्हणाली, "ताई, तो म्हणाला, मला नटवलेली नकोच. जशी आहे तशी हवी." मग चपला काढता काढता पुढे म्हणाली, "जागेला म्हणाला, कळलं मला. पण तासभर ते माझंच होतं हो."

मला रडू यायला लागलं.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन कडाडल्या, "त्याला न्हाई द्यायची जागा. पोरीच्या जिवाला घोर लावून गेला."

"त्याचा काय दोष, आजी? त्यालाच द्या," शुभांगी म्हणाली. "माझ्या नाही तर नाही, त्या तुकड्याच्या तरी वाट्याला तसा माणूस येऊ दे."

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याला फोन लावून होकार कळवला. बोलणं संपलं तरी फोन ठेवीनात.

"पाव्हणं, तुमच्यासारका आनखी कुनी हाय का वळकीत?"

तो आनंदानं म्हणाला, "का हो, अजून एक जागा आहे का?" त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"हाय की," सासूबाई म्हणाल्या. "पन ती इकायची न्हाई."

शुभांगी ऑफिसला निघालेली, जिन्यात उभी होती. तिनं ओढणीनं डोळे टिपले आणि डबा विसरल्याचं सांगून पुन्हा वर गेली. डबा तिच्या हातातच होता.