पृथ्वी वाचली, फोन मेला

कर्जतच्या पंचायत समितीत सत्तावीस वर्षं आवक-जावक सांभाळणाऱ्या नृसिंहरावांनी रविवारी सकाळी नवा फोन उघडला आणि त्यांना गहिवरूनच आलं. खोक्यात चार्जर नव्हता. वर हिरवं पान छापलेलं, आणि खाली ओळ : पृथ्वी वाचावी म्हणून आम्ही चार्जर देत नाही!

“याला म्हणतात कंपनी!” ते म्हणाले.

“अहो, पण चार्ज कशावर करायचा?” इंदूताईंनी विचारलं.

“तू अशीच संकुचित राहणार.” (हा शब्द त्यांना बायकोसमोरच सुचे, साहेबांसमोर कधी सुचला नाही.) “आता सगळ्या फोनना एकच पिन. जुनं सगळं भंगार!”

झालं! त्या भरात त्यांनी घरातले झाडून सगळे चार्जर, इंदूताईंचा चालू चार्जरसुद्धा, दारावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकले आणि बदल्यात प्लास्टिकचं घमेलं घेतलं. घमेल्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर टाकून होईतो फोन चार टक्क्यांवर आला.

तेव्हा मात्र त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. राहुरीचे पाहुणे, म्हणजे शौनकचे वडील, अकराला फोन करून होकार की नकार ते सांगणार होते. लेकीला, मनवाला, मुलगा मनापासून आवडला होता, आणि आधीची दोन स्थळं ऐन वेळी फिसकटली होती.

“माझ्या फोनवरून बोला की,” इंदूताई म्हणाल्या.

“मुलीच्या बापानं बायकोच्या फोनवरून बोलायचं? काय म्हणतील ते!”

खोक्यातल्या वायरची दोन्ही टोकं सारखीच. टीव्हीमागे, इन्व्हर्टरच्या पाठीवर, कुठेच जाईना. शेवटी नृसिंहराव वायर गळ्यात टाकून सुनीलच्या मोबाईलच्या दुकानात धावले.

“काका, लई भारी फोन घेतलाय की! ह्याला हाच चार्जर लागतोय.”

चार्जर खोक्यात, खोकं प्लास्टिकात, आत आणखी दोन पिशव्या, आणि वर पुन्हा तेच हिरवं पान! दातांनी फाडेपर्यंत फोन मेला. चार्जर लावला, तर लाइट गेली.

“सुनील, अरे लाइट!”

“यील की. च्या घ्या तवर.”

लाइट पावणेबाराला आली. फोन सुरू झाला, तर राहुरीहून सात कॉल येऊन गेल्याचे मेसेज! संपलं सगळं. पोरीला तोंड कसं दाखवायचं? नृसिंहराव रडवेले होऊन घरी आले, तर मनवा हातात पेढे घेऊन दारातच उभी.

“बाबा, जमलं! तुमचा फोन लागेना, म्हणून त्यांनी आईला लावला. दहा मिनिटांत तारीखसुद्धा ठरली.”

नृसिंहरावांचा जीव भांड्यात पडला. लगेच छाती फुगवून ते म्हणाले, “थांब, मीच बोलतो आता. व्याह्यांचा गैरसमज नको.”

इंदूताईंनी फोन अलगद काढून घेतला.

“नको. मागच्या वेळी तुम्ही त्यांना पाऊण तास प्रवासभत्त्याचे नियम समजावलेत. ते नकारच कळवणार होते आज.”

“मग?”

“मग काय! हुंडा नको, मानपान नको म्हणाले. लग्न लागेपर्यंत यांचा फोन असाच बंद ठेवा, एवढी एकच अट घातलीय.”