परवानगीआधीचं पाणी

चष्मेवाल्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. मागच्या हिरवळीवर छोटासा तलाव बांधायचं त्यांनी मनावर घेतलं. परवानगीसाठी कार्यालयात खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे जागा पाहायला निरीक्षक उगवले.

मागच्या दारातच निरीक्षक थबकले. मग भिंतीला पाठ घासत, अंग चोरून कडेकडेने सरकू लागले.

"तलाव बांधलाय की तुम्ही! तोही विनापरवाना!"

"कुठाय?" चष्मेवाले तरातरा हिरवळीच्या मध्यावर गेले.

"अहो, काठावर या आधी! पाण्यावर उभं राहून काय बोलताय?"

"साहेब, डोळे कधी तपासलेत?"

निरीक्षकांनी रस्त्यापलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरंसुद्धा घडाघडा वाचली. चष्मेवाल्यांनी साक्षीला बायकोला हाक मारली.

"अय्या! कधी बांधलात? मला पत्ताही लागू दिला नाहीत!" ती लाडाने म्हणाली आणि खाली बसली. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत गवतात गेले. गवताचं पातंही मोडलं नाही.

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं, तरी भिंतीवर पाण्याचे कवडसे हलत होते.

"आधी हा बुजवा, मग नव्याचं बघू," निरीक्षक म्हणाले.

"कशाने बुजवू?"

"मातीने."

"अहो, मातीच आहे ती!"

तरी त्यांनी मातीचा ट्रक मागवला. माती ओतली, डुबुक् आवाज झाला आणि सगळा ढीग गवताखाली गडप झाला. दुसऱ्या ट्रकचंही तेच. ड्रायव्हरने वाकून पाहिलं आणि तिसरी खेप आणायला साफ नकार दिला.

शेवटी निरीक्षकच थकले. "जाऊ दे. आहे त्यालाच परवानगी देऊन टाकतो. पण पाणी कसं आहे, तेवढं तपासावं लागेल." असं म्हणून त्यांनी शर्ट काढला.

बघता बघता हिरवळीवर तीन डोकी तरंगू लागली: निरीक्षकांचं, बायकोचं आणि गलका ऐकून घरातून आलेल्या सासूबाईंचं. चष्मेवाले कसेबसे कपडे बदलून आले, डोळे मिटले, नाक धरलं आणि उडी घेतली.

धप्प!

"अहो, असे वर काय पालथे पडलात?" बायकोने विचारलं. "आत या ना!"

चष्मेवाल्यांनी दोन्ही हातांनी जमीन चाचपली. कोरडी, टणक. तेवढ्यात सासूबाईंचं ओलं डोकं संथपणे गवत कापत त्यांच्या नाकासमोर येऊन थांबलं.

"जावईबापू, जरा बाजूला व्हा. मला पलीकडे जायचंय."