सरूबाईचा डबा

चैतालीचा अर्ज पाच वाजता बंद होणार होता, आणि दुपारी एक वाजता तिचे वडील भिकाजी खोलीच्या खिडक्या लावून घेत होते. लॅपटॉप उघडून बसलेल्या सुहासने, हे काय चाललंय, असं विचारलं.

"अंधार लागतो ना तुमच्या कामाला," भिकाजी म्हणाले. "म्या बघितलंय."

भिकाजींनी बघितलं होतं ते मोबाइलवरच्या मालिकांत. त्यांतला हॅकर काळोखात बसतो, डोक्यावर टोपी ओढतो, पडद्यावर हिरवी अक्षरं धो धो पडतात आणि अर्ध्या मिनिटात कुठल्यातरी देशाची तिजोरी उघडते. शेजारचा सुहास हिंजवडीच्या कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करतो हे अख्ख्या कुरवंडे गावाला ठाऊक होतं आणि ते काम म्हणजे हेच, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. प्रत्यक्षात सुहास दिवसभर तक्ते भरायचा. कुणाच्या मशीनवर अपडेट राहिलंय ते शोधून त्याला मेल करायचा, उत्तर आलं नाही की आठवणीची मेल करायचा, आणि तिलाही उत्तर आलं नाही की त्याच्या साहेबाला मेल करायचा. उभ्या आयुष्यात त्याने एकही कुलूप तोडलं नव्हतं. गावात मात्र तो हे सांगत नसे, कारण त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती.

भानगड अशी झाली होती. चैतालीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज जूनमध्ये तिच्या भावाने, पवनने, स्वतःच्या नंबरावरून भरला होता आणि पासवर्डही त्यानेच ठेवला होता. आज फक्त कॉलेजांची नावं निवडून शेवटचं बटण दाबायचं होतं. पण पवन सकाळीच पुण्याच्या पर्यटकांना घेऊन नागफणीच्या डोंगरावर गेला होता. पावसाळ्यात तो मोबाइल बंद करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत तळाला ठेवतो. चैतालीने अंदाजाने त्याची जन्मतारीख टाकून पाहिली, मग त्याच्या मोटरसायकलचा नंबर टाकला. आणखी एकदा चुकलात तर खातं चोवीस तास बंद होईल, असं आता लाल अक्षरांत आलं होतं.

नवीन पासवर्ड मागावा, तर त्याचा ओटीपी जाणार पवनच्याच बंद मोबाइलवर.

"मग मधल्यामधी पकडा की त्यो," भिकाजींनी सुचवलं. दोन दोन पडदे लागत असतील तर समोरच्यांचा टीव्ही आणायचीही त्यांची तयारी होती. असं काही करता येत नाही, आणि करता आलं तरी तो गुन्हा आहे, हे सुहासने त्यांना समजावलं. भिकाजींचा चेहरा उतरला. एवढा शिकलेला पोरगा नुसता बसून राहतो, हे त्यांना पटेना.

"जाऊ दे दादा, पुढच्या वर्षी भरीन," चैताली हळूच म्हणाली. दोन वर्षं लोणावळ्याला जाऊन-येऊन अभ्यास केलेल्या मुलीने इतक्या समजूतदारपणे बोलावं, याचं सुहासला फार वाईट वाटलं. त्यापेक्षा ती रडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात तिलाच आठवलं, की पवनची चिठ्ठी सरूबाईकडे असणार.

या चिठ्ठ्यांचं मूळ सुहासच्या भाषणात होतं. एप्रिलमध्ये जयंतीच्या व्याख्यानमालेत त्याने विहारात तासभर सांगितलं होतं, की पासवर्ड भिंतीवर लिहू नका, कॅलेंडरवर लिहू नका, कुणालाही सांगू नका. लोकांनी ते मनावर घेतलं. पण लिहून ठेवल्याशिवाय लक्षात कसं राहणार? मग वस्तीने आपसांत विचार करून तोडगा काढला. सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या सरूबाईकडे द्यायच्या. विहाराच्या किल्ल्या तीस वर्षं तिच्याकडे होत्या आणि एकदाही हरवल्या नव्हत्या. शिवाय तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणजे वाचून कुणाला सांगायची भीतीच नाही. सरूबाई गोधड्या शिवायची. प्रत्येक चिठ्ठीची गुंडाळी करून ती त्या त्या घराच्या रंगाचा दोरा बांधायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची.

सुहास तिच्या दारात गेला. चैतालीच्या वर्षाचा प्रश्न आहे, पवन डोंगरावर आहे, वेळ थोडा आहे, असं सगळं त्याने शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं.

"ज्याची चिठ्ठी त्यालाच," सरूबाई म्हणाली.

"मावशी, अहो, चैताली त्याची सख्खी बहीण आहे. आणि मी सुहास."

"तूच म्हणला हुतास ना, वळखीचा आला, घाई हाय म्हणला, गोड बोलला, तरी द्यायचं न्हाई म्हणून?"

कंपनीतल्या चारशे लोकांना सुहासने हेच वाक्य वर्षभर मेलवर पाठवलं होतं आणि एकानेही ते वाचलं नव्हतं. इथे न वाचता येणाऱ्या बाईने ते पाठ केलं होतं. त्याने घड्याळ पाहिलं, पायांत बूट चढवले आणि तो नागफणीच्या वाटेला लागला.

दीड तास तो चिखलातून चढत होता. दोनदा पडला. धुक्यात शेवटच्या चढावर पवन सापडला, तो दोर धरून एकेका पर्यटकाला वर घेत होता. धापा टाकत सुहासने पासवर्ड विचारला. पवनने आजूबाजूच्या दहा-बारा लोकांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"परक्यांच्या म्होरं न्हाई, दादा. कान हिकडं आण."

दोर न सोडता पवन त्याच्या कानात कुजबुजला. नागफणी हा शब्द इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं, मग ॲटचं चिन्ह, मग चार आकडे. सुहास त्याच्याकडे बघतच राहिला. चांगला पासवर्ड कसा असावा, याचं उदाहरण म्हणून एप्रिलमध्ये विहाराच्या फळ्यावर त्यानेच हे लिहिलं होतं.

"हाच का ठेवलास?"

"तूच तर म्हणलास, ह्यो लय चांगला हाय."

वर रेंजची एक काडी होती. पासवर्ड फोनवर सांगायचा नाही हा स्वतःचाच नियम मोडून सुहासने चैतालीला तो सांगितला.

"दादा, हा तर माझ्या मेलचा आहे," ती म्हणाली. "तुला कुठून मिळाला?"

चार वाजायला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. पोच आल्याचं सांगताना मात्र चैतालीला रडू फुटलं. पण सुहासचं काम अजून संपलं नव्हतं. उतरताना एका खडकाच्या आडोशाला थांबून तो बराच वेळ मोबाइलवर काहीतरी करत होता.

गावात भिकाजींनी तोवर सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की सुहासने नागफणीच्या टोकावर जाऊन वरच्या वर लाइन पकडली. चिखलाने माखलेला सुहास दिसल्यावर तर कुणालाच पुरावा लागला नाही. तो थेट सरूबाईकडे गेला.

"मावशी, सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्याच आहेत का?"

"मला वाचाय कुटं येतंय. पर समद्यांवर नक्षी येकच हाय, येवढं कळतं की."

"मग बोलला नाहीत ते?"

"कुणाला काई सांगायचं न्हाई म्हणला हुतास."

रविवारी त्याने सगळ्यांना विहारात बोलावलं. फळा पुसून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. पहिल्या रांगेत वही-पेन घेऊन बसलेल्या भिकाजींनी नवीन पासवर्ड कोणता, असं विचारलं, आणि ज्याचा त्याने शोधायचा आहे हे ऐकून ते शेजारच्या वहीत डोकावू लागले. दाराशी सरूबाई डबा घेऊन बसली होती. प्रत्येक चिठ्ठी उलगडून ती नीट न्याहाळत होती. दोघांना तिने परत पाठवलं, "ही नक्षी मगाशी येऊन गेली, दुसरी काढ" म्हणून. कुणाची चिठ्ठी आली आणि कुणाची राहिली, याचा तक्ता सुहास भरत होता. हे काम त्याला येत होतं.

सगळे गेल्यावर सरूबाईने झाकण लावता लावता विचारलं, "तुजी बी नक्षी तीच हुती का रं?"

सुहासने मान खाली घातली. एप्रिलमध्ये फळ्यासमोर उभं राहिल्यावर उदाहरण पटकन सुचलं नाही, म्हणून त्याने स्वतःचाच पासवर्ड लिहिला होता.

"व्हय मावशी. पण बदलला मी. त्याच दिवशी, डोंगरावरच."

"मग टाक हितं," म्हणत तिने झाकण पुन्हा उघडलं. सुहासने तक्त्याचा एक कोपरा फाडला, पाठमोरा होऊन त्यावर काहीतरी लिहिलं, आणि दोऱ्याचा रंग कोणता हवा ते तिला सांगितलं.